वारस : त्रिशला, वय नऊ

"आठ दिवस," देशिंगकर साहेब म्हणाले. "पुढच्या सोमवारी संचालकांची बैठक आहे. तोवर मला कारण सांगा. नाहीतर हेल्पलाइन बेंगळुरूच्या कंपनीकडे जाईल. कराराचा मसुदा माझ्याकडे आलेला आहे."

ते बँकेचे जनरल मॅनेजर. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं. मी समोर उभी होते आणि माझ्या हातात गेल्या दहा दिवसांचे आकडे होते. आमची बँक सहकारी, मुख्य कार्यालय सांगलीत, शाखा पार धारवाड-हुबळीपर्यंत. दुसऱ्या मजल्यावरच्या हेल्पलाइनवर बावीस बायका बसायच्या आणि मी त्यांची प्रमुख होते. एरवी दिवसाला सातशे फोन यायचे. ते एकाएकी सोळाशेवर गेले होते. माणसं वीस-वीस मिनिटं ताटकळत होती. आमच्यातल्या दोघींचे घसे बसले होते, एकीने राजीनामा लिहून ठेवला होता.

"सिस्टिममध्ये काही नाही, सर," संगणक विभागाचे तेरदाळे म्हणाले. महिन्यापूर्वीच त्यांनी बँकेची सगळी संगणकव्यवस्था बदलली होती आणि त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता. "मुली एकेका फोनवर गप्पा मारत बसतात. फोन तुंबणारच."

"तीन मिनिटं झाली की त्यांच्या स्क्रीनवर लाल दिवा लागतो," मी म्हटलं. "गप्पा मारायला वेळ कुठे आहे?"

"कारण शोधा," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढची फाइल उघडली.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

दोन दिवस मी नुसते तक्ते मांडत बसले. शाखेनुसार, वेळेनुसार, वयानुसार. मुली प्रत्येक फोननंतर एक शेरा लिहायच्या. या जास्तीच्या फोनांवर बहुतेक एकच शेरा होता : 'खात्याची चौकशी, खाते सुरळीत.' म्हणजे तक्रार नाहीच. फोन सगळ्यात जास्त यायचे ते सकाळी अकराच्या सुमाराला. करणारे जुने खातेदार, संगणक यायच्या आधीपासूनचे. आणि तीच तीच माणसं परत फोन करत होती. कुणी तीनदा, कुणी सहादा.

"सगळं ठीक आहे असं ऐकल्यावर माणूस परत फोन का करेल?" मी हसीनाला विचारलं.

हसीना मुल्ला आमच्यातली सगळ्यात जुनी. मिरजेची. माझ्यापेक्षा वयानं मोठी, तरी मला मॅडम म्हणायची आणि वेळ आली की सरळ रागवायचीही.

"त्याला जे विचारायचंय त्याचं उत्तर मिळालं नसंल तर करंल," ती म्हणाली. "तक्ते बाजूला ठेवा मॅडम. फोन ऐकूया."

बुधवारी सकाळी आम्ही दोघी कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसलो. एकाच यंत्राला दोन हेडफोन लावले आणि रेकॉर्डिंग ऐकायला घेतली.

"माझं खातं हाय न्हवं?" जयसिंगपूरच्या एक आजी विचारत होत्या.

"आहे, आजी."

"त्यात काय बदललं न्हाई न्हवं?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

"मग ह्ये मोबाइलवर काय आलंय?"

"बँक जाहिराती पाठवते, आजी. काळजी करू नका."

दुसरा एक म्हातारा सांगत होता, इंग्रजीत दोन शब्द आलेत, वाचता येत नाहीत. तिसऱ्याने विचारलं, मी काही चूक केली का. चौथी बाई नुसतीच म्हणाली, "रोज येतंय हो, रोज." आणि फोन ठेवला.

हसीनानं माझ्याकडं पाहिलं. "कसला तरी मेसेज जातोय."

मी खाली तेरदाळेंना फोन लावला. व्यवहार झाला की मेसेज जातो, दुसरा कुठलाही जात नाही, असं त्यांनी सांगितलं. गेलेले मेसेज आमच्या मुलींच्या स्क्रीनवर दिसत नसत. त्यांना खातं चालू दिसायचं, म्हणून त्या ठीक आहे म्हणायच्या. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

"उद्या यातल्या चार जणांना फोन करून मेसेज वाचायला सांगू," हसीना म्हणाली. "आजचे अजून थोडे ऐकून टाकू."

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही त्रेसष्टावं रेकॉर्डिंग लावलं. फोन वैशालीनं घेतला होता.

"नमस्कार. मेसेज आलाय बँकेचा. मी अक्षरं सांगतो. येन, ओ, येम. मग डी, ई, येल. म्हणजे नॉमिनी डिलीट, असंच ना?"

"सर, आपलं खातं चालू आहे. काही अडचण दिसत नाही."

"खात्याचं विचारत नाही मी. वारस म्हणून नाव लावलं होतं, ते काढलंय का, तेवढं बघा."

"ते शाखेत समजेल, सर. कुणाचं नाव होतं?"

"त्रिशला. त्रिशला बाळगोंडा चौगुले. बहीण. नाव लावलं तेव्हा वय नऊ."

"सर, आपण एकदा शाखेत..."

"मॅडम, ते नाव मी काढलेलं नाही. काढा म्हणून सांगितलेलं नाही. तेवढं लिहून घ्या."

रेकॉर्डिंग संपलं. मी हेडफोन काढला आणि परत कानाला लावला.

"सापडलं की मॅडम," हसीना म्हणाली. "वारसाचं नाव उडालंय लोकांच्या..." मग तिनं माझा चेहरा पाहिला. बँकेत मला सगळे मगदूम मॅडम म्हणायचे. पण हसीना माझ्या लग्नाला आली होती, पत्रिका तिनं वाचली होती. "त्रिशला चौगुले म्हणजे..."

"मी," मी म्हटलं. "तो माझा दादा आहे."

खरं तर 'येन' ऐकतानाच मी ओळखलं होतं. मला इंग्रजी अक्षरं त्यानंच शिकवली, आणि तशीच शिकवली. शाळेत बाई हसल्या तेव्हा मी भांडले होते की आमचा दादा येनच म्हणतो.

सुकुमार दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. कुपवाडच्या कारखान्यात तो लेथवर लागला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या गावाहून, समडोळीहून सायकलवर डबल सीट बसवून तो मला बँकेत घेऊन गेला होता, खातं काढायला. बँकेतलं मला एवढंच आठवतं की बाक उंच होतं आणि माझे पाय लोंबकळत होते. त्या दिवशी त्यानं फॉर्मवर काय लिहिलं हे मला चोवीस वर्षांनी, त्या काचेच्या खोलीत कळलं.

मी एकोणीस वर्षांची असताना दादानं एस्तेरशी लग्न ठरवलं. ती मिरजेला नर्स होती. ती ख्रिस्ती, आम्ही जैन, आणि आमच्या वडिलांपुढं, आप्पांपुढं हा विषय काढण्याचीही सोय नव्हती. दोघांनी रजिस्टर लग्न करायचं ठरवलं. आप्पांना ते आदल्या दिवशी कळलं. सकाळी ते भावकीतल्या चौघांना घेऊन कचेरीच्या दारात उभे राहिले आणि एस्तेरला, तिच्या म्हाताऱ्या आईला चारचौघांत नको ते बोलले. लग्न झालं नाही. दादा दुपारी घरी आला, पिशवीत दोन शर्ट भरले, आईच्या पाया पडला आणि गेला. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही.

त्यानंतर चौदा वर्षं त्याचं पत्र नाही, फोन नाही. आई दर संकष्टीला नाही तर अष्टमीला उपवास धरायची, कुणी सांगेल ते. सणाला पाटावर त्याचं ताट मांडायची आणि आप्पा ते उचलून ठेवायचे. मी बँकेत लागले तेव्हा त्याचं खातं इथं आहे हे मला ठाऊक होतं. नाव टाकून शोधता आलं असतं. पण खातं बंद निघालं असतं तर? न बघता मी सहा वर्षं काढली.

आता स्क्रीनवर त्याचा मोबाइल नंबर होता. शाखा धारवाड.

"लिहून घ्या," हसीना हळूच म्हणाली. "मी तिकडं बघते."

"नको."

खातेदाराची माहिती स्वतःसाठी वापरायची नाही, हा बँकेचा पहिला नियम. आदल्याच वर्षी कर्ज विभागातल्या एकीची नोकरी त्यावरून गेली होती. मला त्याची भीती होती, हे खरं आहे. पण माझा हात अडला तो निव्वळ त्या भीतीनं नाही. दादानं फोन उचलला आणि मी कोण ते सांगितल्यावर ठेवून दिला, तर मग माझ्याकडं काय उरणार होतं?

"काम संपवू," मी म्हटलं. "वय नऊ, असं म्हणाला तो. तेवढं बघ."

वारंवार फोन करणाऱ्या वीस खातेदारांचे जुने कागद आम्ही शाखांकडून मागवले. शुक्रवारी ते आले. वारसांच्या नावापुढं लिहिलेली वयं मी वाचत गेले आणि हसीना कागदावर उतरवत गेली. सात. चार. अकरा. दीड वर्ष. नऊ. वीसच्या वीस मुलं. फॉर्म भरताना जी लहान होती आणि आता कधीच मोठी होऊन गेली होती, ती.

तिथून पुढं कोडं सुटायला तासही लागला नाही. वारस अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल तर पालकाचं नाव लागतं. नव्या व्यवस्थेला यांच्या नोंदीत पालक सापडला नाही, आणि मूल आता सज्ञान झालंय हेही तिला कळलं नाही. तिनं ती नोंद सदोष ठरवून नाव काढून टाकलं आणि रोज सकाळी साडेदहाला खातेदाराला तसं कळवायला सुरुवात केली. चार हजार तीनशे बारा खाती. चार हजारांवर माणसांना रोज सकाळी सांगितलं जात होतं की तुम्ही लिहिलेलं नाव आता नाही.

सोमवारी बैठकीआधी साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो : साहेब, तेरदाळे आणि मी.

"हे सगळे तर्क आहेत," तेरदाळे म्हणाले. "असा मेसेज जातो याला पुरावा काय?"

गुरुवारी फोन केलेल्या चौघांना मेसेज वाचता आला नव्हता; त्याची अक्षरं स्वच्छ सांगणारं रेकॉर्डिंग एकच होतं. मी ते लावलं. येन, ओ, येम. डी, ई, येल. वारस म्हणून नाव लावलं होतं, ते काढलंय का, तेवढं बघा. इथं मी बटण दाबून थांबवलं.

"पुढे लावा," साहेब म्हणाले.

"एवढं पुरेसं आहे, सर."

"पुढे लावा."

मी लावलं. माझं नाव त्या खोलीत मोठ्यानं उमटलं. बहीण. वय नऊ. ते नाव मी काढलेलं नाही. मी टेबलाच्या कडेवर नजर ठेवली होती. तेरदाळे वही चाळायला लागले.

"मगदूम मॅडम, तुमचं माहेरचं आडनाव चौगुले ना?"

"हो, सर."

"तेरदाळे, तुम्ही खाली जाऊन ते मेसेज आधी बंद करा. नावं जशी होती तशी परत लावा. संध्याकाळपर्यंत."

तेरदाळे गेल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं.

"तुम्ही त्यांना फोन केलात?"

"नाही, सर. नियम आहे."

"किती वर्षं झाली?"

"चौदा."

त्यांनी खणातून एक छापील कागद काढून माझ्यापुढं सरकवला. "वारसाला आपला पत्ता आणि फोन नंबर कळवायचा असेल तर हा अर्ज असतो. कुणी भरत नाही, पण आहे. तुम्ही वारस आहात. भरून हसीनाबाईंकडे द्या. खातेदारांना फोन करून माफी मागायचीच आहे, त्यात त्यांचाही होईल. तुम्ही मात्र करायचा नाही."

हेल्पलाइन सांगलीतच राहिली. पुढचे तीन आठवडे आमच्या बावीस जणी नेहमीचे फोन सांभाळून त्या चार हजार लोकांना एकेक करून फोन लावत होत्या. नाव परत लावलंय, चूक आमची होती. माणसं नाव परत परत उच्चारून घ्यायची. एक गृहस्थ म्हणाले, तो मुलगा तेरा वर्षांपूर्वी गेला, पण राहू दे तसंच, बदलायचं असेल तर मी सांगेन. वैशाली तो फोन ठेवून उठली आणि बराच वेळ पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली.

दादाचा फोन हसीनानं गुरुवारी दुपारी लावला. मी तिच्या शेजारी बसले. प्रमुखाच्या हेडफोनमध्ये ऐकू येतं, बोलता येत नाही.

"सर, आपण लावलेलं नाव परत लावलेलं आहे. त्रासाबद्दल बँक माफी मागते."

"बरं झालं," दादा म्हणाला. मागं यंत्राचा आवाज येत होता. "पक्कं लागलं ना?"

"पक्कं. वारसाचा पत्ता समडोळीचा आहे. तोच ठेवायचा?"

"आता ती कुठं असते मला ठाऊक नाही. लग्न झालं असेल. जुनाच राहू दे."

हसीनानं माझ्याकडं न बघता अर्ज पुढं ओढला. "सर, वारसानं नवा पत्ता आणि नंबर कळवलाय. सांगते, लिहून घ्या." तिनं एकेक आकडा सावकाश सांगितला. दादानं ते उलट वाचून दाखवले. आठवा आकडा चुकला होता, तिनं दुरुस्त केला.

मग पलीकडचं यंत्र कुणीतरी बंद केलं.

"हा नंबर कुणी दिला म्हणालात?"

"वारसानं स्वतः."

"कधी?"

"सोमवारी, सर."

"बरी आहे का ती?"

हसीनाच्या स्क्रीनवर लाल दिवा लागला होता. "ते तुम्हीच विचारा, दादा," ती म्हणाली.

त्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आंघोळीला जाताना फोन बरोबर न्यायला लागले. नवरा म्हणाला, आपणच करूया, आता कसला नियम? मी नको म्हटलं. नंबर त्याच्याकडं होता. त्याला नको असेल तर त्याला तसं राहू द्यायला हवं होतं.

पुढं दादा आला-गेला. आप्पांशी शेवटपर्यंत बोलला नाही, पण त्यांच्या आजारपणात पाच दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिला. ते सगळं नंतरचं. त्यातलं पुष्कळ विसरायला झालंय. तो पहिला फोन मात्र शब्दन् शब्द ध्यानात आहे.

सतराव्या दिवशी, रविवारी सकाळी आला. मी भाजी निवडत होते.

"तायडे," तो म्हणाला.

"हं."

"कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"बराय." मग घसा साफ करून म्हणाला, "आई तुझ्याकडं असते का गावाकडं? तिथं असेल तर दे जरा."

मी हातातली भाजी खाली ठेवली. "दादा, आई नाही. तीन वर्षं झाली. पर्युषणात गेली."

कुठंतरी नळ वाहत होता, त्याच्याकडं का आमच्याकडं ते कळेना.

"कळवलं नाहीस," तो म्हणाला. मग लगेच स्वतःच म्हणाला, "कुठं कळवणार होतीस म्हणा."

"एस्तेर?" मी विचारलं.

"ती तेव्हाच गेली. भावाकडं, नागपूरला. त्या कचेरीतल्या प्रकारानंतर तिची आई महिनाभर अंथरुणावर होती. ती तरी कशी थांबेल? मी इकडं आलो. वर्कशॉप आहे छोटं."

"एकटाच?"

"एकटाच."

मी तेव्हा बोलले नसते तर पुन्हा कधीच बोलले नसते. "दादा, आप्पांना आदल्या दिवशी मी सांगितलं. तुम्ही कचेरीत जाणार आहात ते. मला वाटलं, ते तुला समजावतील, थोडं थांबायला लावतील. असं काही करतील असं मला वाटलं नव्हतं."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधी कळलं तुला?"

"तेव्हाच. तुझ्याशिवाय मी कुणाला सांगितलंच नव्हतं, तायडे. एस्तेरच्या आईलासुद्धा सकाळी सांगितलं."

भाजीवर माशी बसली होती. मी ती हाकलली नाही.

"मग माझं नाव का ठेवलंस?"

"दोनदा गेलो होतो शाखेत, काढायला. फॉर्मही घेतला. जुनं नाव खोडायला सांगतात आणि खाली नव्या नावाची जागा असते. तिथं काय लिहायचं ते सुचलं नाही. दोन्ही वेळा फॉर्म तसाच परत दिला."

मी भाजीवरची माशी हाकलली.

"ठेवतो आता," तो म्हणाला. पण त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.